शर्विलकाचे नशीब आणि चांडाळांचे बक्षीस

आमच्या अभ्यासमंडळात एका विद्यार्थ्याने स्वतःची कथा वाचून दाखवली. कथेचा नायक वस्तीतला एक पोरगा. तो रेल्वेच्या यार्डातून लोखंड चोरतो, खोटे बोलतो, वेळ आली की जोडीदाराला पुढे करून स्वतः मागे राहतो. एका रात्री तो पकडला जाणार, इतक्यात दिवे जातात आणि अंधारात तो निसटतो. पुढे त्याच पैशातून तो एक लहानसे दुकान टाकतो आणि पायावर उभा राहतो.

वाचन संपले तसा आमच्यातला एक जुना कार्यकर्ता तडकून म्हणाला, "आपण नशीब मानत नाही. दिवे गेले आणि पोरगा सुटला, हे नशीब नाही तर काय? देवळातला देव तू बाहेर काढलास आणि वीज मंडळाच्या खांबावर नेऊन बसवलास!" सगळे हसले. विद्यार्थी मात्र हसला नाही. तो म्हणाला, "मग माझ्या पोराने सुटायचेच नाही का? सुटण्याइतके नशीब फक्त त्यांच्याच नायकांना असते का?"

मी शिक्षक, म्हणून दोघांनीही माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. कार्यकर्त्याचे म्हणणे तत्त्वाला धरून होते आणि विद्यार्थ्याचा प्रश्न न्यायाला धरून होता. दोन्ही बाजू खऱ्या वाटत असताना मध्येच निकाल देणे मला जमत नाही. पुढे काही दिवस मी याच प्रश्नाच्या मागे लागून जुनी-नवी पुस्तके पुन्हा वाचली. त्यातून जे सुचले ते येथे मांडतो.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. आपण नशीब, दैव, प्रारब्ध, योगायोग आणि संधी हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. ते एक नव्हेत. बाळाच्या जन्मानंतर सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते, ही समजूत आपल्या आयाबायांच्या मनात पिढ्यान् पिढ्या घट्ट बसलेली होती. दारिद्र्य पाचवीला पुजलेले, असे आपण आजही म्हणतो. या समजुतीत जे घडते त्याचे समर्थन दडलेले असते. तू उकिरड्यावर जन्मलास, कारण मागच्या जन्मी काही केले असशील. तो वाड्यात जन्मला, कारण त्याचे पुण्य होते. योगायोग मात्र कशाचेच समर्थन करत नाही. दोन माणसे एकाच वेळी एकाच वळणावर आली, एवढेच तो सांगतो. कोण लायक आणि कोण नालायक, याविषयी तो मुका असतो.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. गरिबाच्या स्थितीला त्याचेच मागील जन्मीचे कर्म जबाबदार धरले, की राज्य आणि समाज आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. तेव्हा आपला नकार आहे तो कपाळावरच्या लेखाला. जगात अपघात घडतात, पाऊस अवेळी येतो, दार चुकून उघडे राहते, हे बाबासाहेबांनी कोठे नाकारले? आमच्या कार्यकर्त्याने सटवाई आणि वीज मंडळ यांना एकाच माळेत ओवले, ही त्याची चूक. पण त्याची शंका मात्र खोटी नव्हती. कथेतला योगायोग नशिबाचा वेष घेऊन केव्हा येतो, हे ओळखता आले पाहिजे.

दुसरा शब्द नायकाचा. आपल्या जुन्या नाट्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार सांगितले. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. चौघेही कुळाचे, शीलाचे किंवा सत्तेचे धनी. प्रतिनायक म्हणजे या नायकाचा शत्रू. परंतु मी ज्याच्याविषयी बोलतो आहे तो नायकाचा शत्रू नव्हे. तो कथेच्या मध्यभागी आहे, वाचक त्याच्या बाजूने श्वास रोखून धरतो, आणि तरीही नायकाचा एकही गुण त्याच्याजवळ नाही. तो चोर आहे, लबाड आहे, कधी खुनीही आहे. त्याला मी येथे अनायक म्हणतो.

असा अनायक यशस्वी होतो तेव्हा बहुतेक वेळा योगायोग त्याला हात देतो. हे स्वाभाविकच आहे. धीरोदात्त नायकाला योगायोगाची गरज कमी पडते, कारण कुळ, शस्त्र, गुरू आणि देव हे सारे त्याच्या पाठीशी आधीच उभे असतात. जन्मालाच जे मिळाले त्याला ग्रंथकार नशीब म्हणत नाहीत, गुण म्हणतात. ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याला मात्र उघड्या दारावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून अनायकाच्या कथेत नशीब डोळ्यांवर येते. नायकाच्या कथेतही ते असतेच, फक्त ते दिसू नये अशी व्यवस्था केलेली असते.

आता उदाहरणांकडे वळू. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आपल्याला देवलांच्या मराठी रूपामुळे परके नाही. त्यात शर्विलक नावाचा चोर आहे. तो ब्राह्मण आहे. वसंतसेनेची दासी मदनिका हिच्यावर त्याचे प्रेम आहे आणि तिला दास्यातून सोडवायला त्याला पैसा हवा आहे. म्हणून तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. भिंत मोजायला दोरी जवळ नाही, तेव्हा गळ्यातले जानवेच तो मापाला वापरतो. नाटककाराचा हा चिमटा मोठा बोलका आहे. आत शिरल्यावर त्याला दिसतात मृदंग, वीणा, बासऱ्या. घर दरिद्री आहे हे ओळखून तो रिकाम्या हाती परत निघणार, इतक्यात झोपेत बडबडणारा मैत्रेय दागिन्यांचा डबा आपल्याच हाताने त्याच्या हवाली करतो. चोराला घरमालकाचा मित्र झोपेत ऐवज देतो, याहून मोठे नशीब कोणते? आणि योगायोग येथेच संपत नाही. ते दागिने असतात वसंतसेनेचेच. मदनिकेच्या शहाणपणामुळे आणि वसंतसेनेच्या उदारपणामुळे शर्विलकाला मदनिका मिळते. नंतर तो आपला मित्र आर्यक याच्या बंडात सामील होतो. शेवटच्या अंकात राजा पालक मारला गेला आणि आर्यक गादीवर बसला, ही बातमी घेऊन शर्विलकच येतो. भिंत फोडणारा चोर अशा रीतीने नव्या राजसत्तेचा माणूस होऊन उभा राहतो.

याच शेवटच्या अंकात आणखी दोन माणसे आहेत. चारुदत्ताला वधस्थानाकडे नेणारे दोन चांडाळ. आपल्या समीक्षकांनी वसंतसेनेवर पुष्कळ शाई खर्च केली. या दोघांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. त्यातला एक चांडाळ सांगतो की, मरताना बापाने त्याला बजावले होते, वध करायची पाळी आली तर घाई करू नकोस. एखादा भला माणूस पैसे भरून त्याला सोडवील. राजाला मुलगा होईल आणि आनंदात कैदी सुटतील. हत्ती साखळी तोडून पळेल आणि त्या गोंधळात तो निसटेल. किंवा राजाच बदलेल आणि सारेच सुटतील. मला हा चांडाळ बाप फार मोठा तत्त्वज्ञ वाटतो. कपाळावरच्या लेखाविषयी तो अवाक्षर काढत नाही. जगात कोणकोणत्या फटी पडू शकतात याची तो यादी करतो, आणि त्या पडाव्यात म्हणून हातातली तलवार थोडी सावकाश चालवायला मुलाला शिकवतो. योगायोगाला वेळ मिळवून देणे, ही माणसाची करणी आहे. चारुदत्त वाचतो तो त्यामुळे. तलवार हातातून गळून पडते, चांडाळ सह्यवासिनी देवीचा धावा करतो, आणि तेवढ्यात वसंतसेना येऊन पोहोचते.

आता शेवटचा हिशेब पाहा. सत्ता बदलली आहे आणि बक्षिसे वाटली जात आहेत. वसंतसेनेला कुलवधूचा मान मिळतो. स्थावरक दास्यातून मुक्त होतो. भिक्षू सर्व विहारांचा प्रमुख होतो. जिने जीव वाचवला तिचा गळा दाबणारा शकार, राजाचा मेव्हणा, त्याला क्षमा मिळते. आणि त्या दोन चांडाळांना काय मिळते? त्यांना सर्व चांडाळांचे अधिपती केले जाते!

या ठिकाणी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. सज्जनाला छळतो तोच खरा चांडाळ, जन्माने कोणी चांडाळ होत नाही, असे बोलण्याची ताकद नाटककाराने याच दोघांना दिली आहे. तो काळाच्या पुढचा लेखक आहे, यात शंका नाही. परंतु राज्य उलटले तरी त्यांचे नशीब वस्तीच्या वेशीबाहेर पडत नाही. चोरी केलेला ब्राह्मण राजाजवळ जाऊ शकतो. जीव वाचवलेला चांडाळ चांडाळांचाच मुकादम होतो. योगायोग दोघांकडेही आला, पण तो माणसाला किती लांब नेऊ शकेल याची हद्द व्यवस्थेने आधीच आखून ठेवली होती. कथेतल्या नशिबाची लांबी मोजायला शर्विलकाच्या जानव्यासारखे दुसरे माप नाही.

हे फक्त आपल्याच देशाचे नव्हे. स्पेनमध्ये १५५४ साली 'लाझारिल्लो दे तोर्मेस' नावाचे लहानसे पुस्तक निघाले. लेखकाने आपले नाव दिले नाही आणि ते आजवर निश्चित ठरलेले नाही. १५५९ साली धर्मसत्तेने त्यावर बंदी घातली आणि पुढे १५७३ मध्ये काटछाट करून ते पुन्हा काढले. पाश्चात्त्य साहित्यात भटक्या, लबाड, पोटार्थी नायकाच्या कादंबरीची जी परंपरा सुरू झाली तिचे हे मूळ मानतात. लाझारो हा गिरणीवाल्याचा पोर. बाप गिऱ्हाइकांच्या पोत्यांतून धान्य काढताना सापडतो. आई पोराला एका आंधळ्या भिकाऱ्याच्या हवाली करते. पुढे तो एकामागून एक धनी बदलत जातो आणि सुरुवातीच्या धन्यांकडे उपाशी राहतो.

दुसरा धनी पाद्री. तो भाकरी पेटीत कुलूप लावून ठेवतो. एक दिवस धनी घरात नसताना दाराशी किल्ल्या-कुलपांची दुरुस्ती करणारा एक कारागीर येतो आणि लाझारोला पेटीला लागणारी किल्ली मिळते. हा योगायोग. पण किल्ली मिळाल्यावर तो भाकरी अशी कुरतडतो की पाद्र्याला उंदरांचा संशय यावा, आणि मग सापाचा. ही त्याची अक्कल. रात्री तो किल्ली तोंडात धरून झोपतो. एके रात्री झोपेतला श्वास किल्लीच्या पोकळीतून जाऊन शीळ वाजते. पाद्र्याला वाटते साप फुत्कारतो आहे. तो अंधारात दांडका घालतो आणि पोराचे डोके फोडतो. जे नशीब किल्ली देते तेच शीळ वाजवते. लेखकाने येथे योगायोगाला मुळीच झुकते माप दिलेले नाही. आणि पोराला किल्लीची गरज का पडली? भाकरी पेटीत बंद होती म्हणून. ही गोष्ट योगायोगाने घडलेली नाही.

तिसरा धनी तर आपल्या फार ओळखीचा वाटेल. तो खानदानी आहे. अंगावर झगा, कमरेला तलवार, घरात मात्र दाणा नाही. काम करणे त्याच्या कुळाच्या अब्रूला कमीपणा आणते, म्हणून तो उपाशी राहतो आणि बाहेर जाताना पोट भरल्यासारखे दात कोरतो. शेवटी लाझारो भीक मागून आणलेले तुकडे त्याला खाऊ घालतो. तोच हा लाझारो, जो प्रस्तावनेतच बजावतो की मोठ्या घरात जन्मलेल्यांनी आपल्या यशाचा टेंभा मिरवू नये, दैवाने त्यांना आधीच झुकते माप दिले होते, आणि वारा उलटा असताना हाताने वल्ही मारून जे किनाऱ्याला लागले त्यांची करणी मोठी. सोळाव्या शतकातला एक निनावी लेखक हे सांगतो.

पण तो किनारा कोणता? लाझारो शेवटी टोलेडो शहरात दवंडी पिटणारा होतो. दारू विकायची असेल तर पुकारा करायचा, गुन्हेगाराला शिक्षेला नेताना त्याचे अपराध ओरडून सांगायचे. एका बड्या धर्माधिकाऱ्याच्या घरातल्या बाईशी त्याचे लग्न लावून दिले जाते आणि तिचे धर्माधिकाऱ्याशी काय नाते आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. लाझारो त्याकडे डोळेझाक करतो आणि आपण भाग्याच्या शिखरावर आहोत असे सांगून कथा संपवतो. वाचक हसतो, पण ते हसू घशात अडकते. यश मिळाले, पण ते बायकोची आणि स्वतःची अब्रू गहाण टाकून. आणि काल ज्यांच्यात तो होता त्यांच्याच शिक्षेची दवंडी आज तो देतो. चांडाळांच्या अधिपतीची ही दुसरी आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

विसाव्या शतकातल्या अमेरिकेची दोन पुस्तके शेजारी ठेवली, की हद्दीचा हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. पॅट्रिशिया हायस्मिथ यांची टॉम रिप्लेची कादंबरी १९५५ साली आली. टॉम हा न्यूयॉर्कमधला लहानसहान फसवणुकी करणारा गोरा तरुण. जहाजाच्या धंद्यातला एक श्रीमंत गृहस्थ आपल्या इटलीत राहिलेल्या मुलाला परत आणण्यासाठी त्याला खर्चाने पाठवतो. टॉम त्या मुलाचा, डिकीचा, खून करतो, त्याचे कपडे, नाव आणि सही वापरून राहतो आणि पुढे आणखी एक खून करतो. डिकी म्हणून ज्या पोलीस अधिकाऱ्यासमोर तो बसला होता, तोच अधिकारी नंतर टॉम म्हणून त्याला भेटतो आणि ओळखत नाही. डिकीच्या सामानावर जे बोटांचे ठसे सापडतात ते टॉमचेच असतात, पण सगळे ते डिकीचे समजतात. शेवटी ग्रीसच्या बंदरात उतरताना आपल्यासाठी पोलीस उभे असतील असे त्याला वाटते. कोणी नसते. उलट डिकीची सारी मिळकत त्याला मिळते, कारण बापानेच खोटे मृत्युपत्र खरे मानलेले असते. हायस्मिथ यांनी या माणसावर एकूण पाच कादंबऱ्या लिहिल्या. इतके दीर्घ नशीब फार थोड्या अनायकांना लाभले असेल.

आता रिचर्ड राइट यांची 'नेटिव्ह सन' घ्या. ही १९४० सालची. शिकागोतल्या काळ्या वस्तीत एका खोलीत आई, भाऊ, बहीण आणि उंदीर यांच्यासह राहणारा बिगर टॉमस एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबात मोटार हाकायला लागतो. ज्या खोलीत तो राहतो तिचे भाडे अखेर याच कुटुंबाच्या कंपनीकडे जाते. पहिल्याच रात्री मालकाची मुलगी मेरी दारू पिऊन उभी राहू शकत नाही, म्हणून तो तिला तिच्या खोलीत नेऊन ठेवतो. तेवढ्यात तिची आंधळी आई दारात येते. काळा तरुण गोऱ्या मुलीच्या खोलीत सापडला तर त्याचे काय होईल, हे बिगरला ठाऊक आहे. मुलीने आवाज करू नये म्हणून तो तिच्या तोंडावर उशी दाबतो आणि ती गुदमरून मरते. आई त्या क्षणी आली, हा योगायोग. पण त्या योगायोगाने माणूस मरावा एवढे भय त्या खोलीत कोणी भरून ठेवले होते? टॉम रिप्लेला मित्राच्या खोलीत कोणी पाहिले असते तर तो हसून बाहेर आला असता.

बिगरलाही थोडा वेळ नशीब साथ देते. त्याच्यावर लगेच संशय जात नाही. का? एवढा बेत काळ्या पोराच्या डोक्यात शिजू शकेल, असे कोणाला वाटतच नाही. संशय जातो मेरीच्या कम्युनिस्ट मित्रावर. म्हणजे त्याचे नशीब ज्या वस्तूचे बनले आहे ती वस्तू आहे तुच्छता. तिच्याच आड तो लपतो. पुढे भट्टीतल्या राखेत हाडांचे तुकडे आणि कानातला डूल सापडतो, आणि जे त्याला माणूसच समजत नव्हते ते त्याला क्षणात राक्षस समजू लागतात. टॉमला चेहरा उसना मिळतो, कारण तो त्या रंगात आणि त्या शिष्टाचारात सहज बसतो. बिगरला चेहरा बदलायची सोय नाही. टॉमचे नशीब बंदरापर्यंत पोहोचते आणि बिगरचे देहदंडाच्या शिक्षेपर्यंत. दोघांच्या कर्तृत्वात किंवा पापात एवढे अंतर आहे काय?

आपल्या देशातले अलीकडचे उदाहरण म्हणजे अरविंद अडिगांची इंग्रजी कादंबरी 'द व्हाइट टायगर'. तिला २००८ साली बुकर पारितोषिक मिळाले. बलराम हलवाई हा बिहारमधल्या खेड्यातला चहाच्या दुकानात राबणारा पोर. तो मोटार चालवायला शिकतो, धनबादमध्ये दारोदार नोकरी मागत हिंडतो आणि योगायोगाने आपल्याच गावच्या जमीनदाराच्या दाराशी येतो. नोकरी लागते. शेवटी तो मालकाचा खून करून सात लाख रुपये घेऊन पळतो आणि बंगलोरला जाऊन गाड्यांचा धंदा उभारतो. पोलिसांच्या जाहिरातीतले त्याचे वर्णन देशातल्या कोणत्याही गरीब माणसाला लागू पडेल असे असते. म्हणून तो सापडत नाही. गरिबांचे चेहरे वरच्यांना सारखेच दिसतात, या आंधळेपणावर त्याचे नशीब उभे आहे. बिगरचे एका दिवसाचे नशीबही याच जातीचे होते.

परंतु मला त्या कादंबरीतला दुसराच प्रसंग जास्त बोचला. मालकाच्या घरी रामपरसाद नावाचा जुना ड्रायव्हर आहे. त्याची जागा रिकामी झाल्याशिवाय बलराम वर चढू शकत नाही. बलरामच्या लक्षात येते की हा मुसलमान आहे आणि नोकरीसाठी हिंदू नाव घेऊन राहिला आहे. हे उघडकीला येते आणि रामपरसाद मुकाट्याने निघून जातो. बलरामची पायरी त्या माणसाच्या पाठीवर आहे. दैव उघडले असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी कोणाचे दार बंद झाले, हे पाहिलेच पाहिजे.

रामपरसाद वाचताना मला सारखी बाबुराव बागुलांची आठवण येत होती. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेचा तळ ढवळला गेला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि जात न सांगता राहतो. त्याची विद्या, त्याची कविता यांना तेथे मान मिळतो. नशीब उघडल्यासारखे वाटते. पण हा मान त्याला मिळतो तो लोक त्याला वरच्या जातीचा समजतात म्हणून. जात कळताच तेच हात त्याला मारायला उठतात. रिप्ले दुसऱ्याचे नाव चोरतो आणि त्याला मिळकत मिळते. बागुलांचा तरुण स्वतःचेच नाव झाकतो आणि त्याला मार मिळतो. आणि त्या जमावातून त्याला सोडवायला कोणता योगायोग धावून येत नाही. येतो तो काशिनाथ, जात न लपवता छाती काढून वावरणारा त्याच्याच समाजाचा कामगार. बागुलांनी आपल्या नायकाला नशीब दिले नाही. त्यांनी त्याला सोबती दिला. मराठी कथेत हा फार मोठा फरक घडला, असे मला वाटते.

मग दलित लेखकाने अनायकाला योगायोग देऊच नये काय? असे मी म्हणणार नाही. आमच्या नायकाने प्रत्येक वेळी मारच खावा, असा दंडक घातला तर सटवाईचाच लेख आपण वेगळ्या शाईने गिरवू. आणि आमचा नायक नेहमी निष्कलंक, विचारी आणि झुंजारच असला पाहिजे, असे म्हटले तर धीरोदात्ताचे जुने सिंहासन पुसून त्यावर आपला माणूस बसवल्यासारखे होईल. वस्तीत चोरही आहेत, लबाडही आहेत. त्यांनाही सुटण्याचा हक्क आहे.

मात्र लेखकाने आणि वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. हा योगायोग कशाचा बनलेला आहे? म्हणजे ते दार चुकून उघडे राहिले, की ते दार उघडे राहावे अशीच त्या समाजाची घडण आहे? दुसरा प्रश्न, हा योगायोग माणसाला किती लांब नेतो आणि कोणत्या वेशीपाशी थांबतो? आणि तिसरा, त्याच्या सुटण्याची किंमत कोणी चुकती केली? या प्रश्नांची उत्तरे कथेत असतील, तर दिवे खुशाल जावोत. उत्तरे नसतील, तर तो योगायोग नव्हे. तो लेखकाने आपल्या हाताने नायकाच्या कपाळावर लिहिलेला लेख होय.

पुढच्या बैठकीत मी त्या विद्यार्थ्याला एवढेच विचारले, "तुझ्या वस्तीत दिवे किती वेळा जातात?" तो म्हणाला, "रोजच जातात, सर. पलीकडच्या बंगल्यांचे जात नाहीत." मी म्हटले, "मग हे तू कथेत का लिहिले नाहीस? तुझ्या पोराला अंधार योगायोगाने मिळाला नाही. तो अंधार त्याला जन्मापासून दिलेला आहे. अभ्यास करताना तो अंधार त्याच्या आड आला असेल. त्या रात्री तोच त्याच्या कामी आला." तो विचारात पडला. तेव्हा आमचा जुना कार्यकर्ता, जो त्या दिवशी सर्वांत जोरात हसला होता, हळू आवाजात म्हणाला, "आणि ज्या जोडीदाराला त्याने पुढे केले होते, तो अंधारात कुठे गेला?"

कथा अजून पुरी झालेली नाही. विद्यार्थी ती पुन्हा लिहितो आहे, आणि या वेळी त्याने सुरुवात त्या जोडीदारापासून केली आहे.